बगळ्यांचा हरलेला उन्हाळा

मी जळगाव सोडलं त्या दिवशी नाना ग्राउंडवर होते. जिल्हा पातळीवरच्या सॉफ्टबॉलच्या स्पर्धा चालू होत्या, आणि माझे वडील शाळेतले पी.टी.चे सर असल्यामुळे मैदान, चुना, पंच, पाण्याची पिंपं, सगळं त्यांच्याच गळ्यात होतं. आमची गाडी दुपारची. आई म्हणाली, "जाताना ग्राउंडवरनं जाऊ, नाहीतर तुझे वडील काही भेटायचे नाहीत." रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबवली. नवी साडी, हातात लग्नाच्या हिरव्या बांगड्या, अशी मी चुन्याच्या रेघा चुकवत त्यांच्यापर्यंत गेले. तिसरी इनिंग चालू होती. नाना टेबलाशी बसून स्कोअर लिहीत होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो पेन धरलेलाच. "पोचलीस की फोन कर," म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी चेंडू टोलवला, त्यांची नजर तिकडे गेली आणि परत काही आली नाही.

रिक्षात आई म्हणाली, "त्यांना चारचौघांत रडता येत नाही गं. म्हणून ते ग्राउंडवर जातात." मला ते पटलं नाही. मी रागावले होते, आणि तो राग लोणच्याच्या बरणीसारखा नीट गुंडाळून फ्रँकफर्टपर्यंत घेऊन आले.

श्रीकांत, माझा नवरा, बॉनला एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता. घर बॉनपासून ट्रामने अर्ध्या तासावर, राइन नदीकाठच्या एका लहान गावात. पहिलं वर्ष कागदांत गेलं. आनमेल्डुंग, म्हणजे आम्ही इथे राहतो हे सरकारला कळवणं. मग विमा, मग व्हिसा, मग जर्मनचा क्लास. खालच्या मजल्यावरच्या बाई दर दोन आठवड्यांनी आमच्या दाराला एक पाटी अडकवून जायच्या, जिना झाडायची पाळी तुमची. मी तो जिना मन लावून झाडायचे, दोनदा झाडायचे. श्रीकांत सकाळी साताला बाहेर पडायचा. दाराशी कुणी येऊन गेलं असेल तर ती पाटीवाली बाई. तुमच्यातले जे तिकडे राहिलात त्यांना हे सांगितलं की तुम्ही म्हणता, अगं पण किती शांत असेल. हो, शांत आहे. आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, म्युनिकला, येनाला, कुठे कुठे, त्यांना या शांततेबद्दल वेगळं काही सांगायला नको.

एके दिवशी ट्रामच्या खिडकीतून मला लाल मातीचा तुकडा दिसला. हिरव्या गवतात कापून काढल्यासारखा, चार कोपऱ्यांना चार पांढऱ्या चौकटी, म्हणजे बेस. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि चालत मागे आले. एक उंच, टक्कल पडलेला माणूस मातीवर दाताळं ओढत होता. त्याने मान वर करून विचारलं, "या?" जर्मनमधलं "हो" ते, इथे "बोला" अशा अर्थाने. क्लासमध्ये शिकलेली वाक्यं मी मनात जुळवत होते, ती सगळी पळाली. मी म्हटलं, "मी खेळते. शॉर्टस्टॉप." म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. त्याने दाताळं कुंपणाला टेकवलं, आत जाऊन एक ग्लव्ह आणला आणि दहा पावलांवरून माझ्याकडे चेंडू फेकला. त्याचं नाव डेटलेफ. पुढे कळलं की तो आमच्याच गल्लीचा पोस्टमन. माझ्या आईची पत्रं तोच तर टाकत होता.

क्लबचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. श्रीकांत कायम "तुझे बगळे" असंच म्हणायचा. मी तिथे बायकांच्या संघात दोन उन्हाळे सॉफ्टबॉल खेळले. मग रेवा झाली, मग गुडघा गेला. पण ग्राउंड सोडवेना. क्लबला स्कोअर लिहिणारं कुणी नव्हतं आणि मला तर ते काम नानांनी दहाव्या वर्षी शिकवलेलं. इथली परीक्षा देऊन मी पुरुषांच्या बेसबॉल संघाची अधिकृत स्कोअरर झाले. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत, वहीतल्या खुणा त्याच.

आमचा पुरुषांचा संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये होता. बुंडेसलीगा म्हटलं की तिकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फुटबॉलची गच्च भरलेली स्टेडियम येतात. बेसबॉलचीही बुंडेसलीगा असते हे खुद्द इथल्याच बहुतेकांना माहीत नसतं. संघ व्यावसायिक म्हणायचा तो इतपतच, की अमेरिकेहून आणलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, पगार, आणखी दोघातिघांना मानधन, आणि बाकी सगळे आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला येणारे. कुणी छपरं शाकारायचा, कुणी बँकेत होता, दोघं विद्यापीठात शिकत होते. प्रेक्षक म्हणजे घरचीच माणसं आणि सॉसेज भाजणारा एक म्हातारा.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगते आहे, त्या हंगामाकडून सगळ्यांच्या फार अपेक्षा होत्या. आदल्या वर्षी बगळे अंतिम फेरीच्या दारातून परत आले होते. या वर्षी नवा पिचर आला, टायलर नावाचा. खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीने जर्सी दिल्या. प्रशिक्षक युर्गन मार्चमध्ये मला म्हणाला, "आल्झो, वैशाली, तर मग यंदा नवी वही घे. जिंकायचं नव्या वहीत लिहू." मी नवी वही घेतली.

तिसऱ्या आठवड्यात टायलरचं कोपर गेलं. चेंडू फेकला आणि तो तिथेच हात धरून बसला, एवढंच मला दिसलं. दोन आठवड्यांनी तो परत गेला. जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवले, डाव्या हाताने. खिडक्यांच्या कंपनीचं लक्षही उडालं. पुढच्या वर्षी जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप होता, ज्याला त्याला आपली जाहिरात तिकडे लावायची होती. दुसरा पिचर आणायला क्लबपाशी काही उरलं नव्हतं. छपरं शाकारणारा पोरगा पिचिंग करायला लागला.

आणि मग आम्ही हरत गेलो. इथल्या बेसबॉलमध्ये एका दिवशी दोन मॅच असतात, म्हणजे एकाच दिवसात दोनदा हरायचं, मधल्या वेळात सॉसेज खायचं. काही वेळा चुरशीने हरलो, काही वेळा इतके हरलो की समोरच्या संघानेच धावा काढणं आवरतं घेतलं. युर्गन दर पराभवानंतर सराव वाढवायचा. मंगळवार होता, मग बुधवार आला, मग शुक्रवार. माणसं कामावरून थेट यायची, गाडीत ब्रेड खात. ती हसेनाशी झाली, एकमेकांवर चिडेनाशीही झाली. मी वहीत लिहीत राहिले.

मी तेव्हा स्वतःही काही धड नव्हते. त्या जानेवारीत आई गेली होती. मी धावत जळगावला गेले, तीन आठवडे राहिले आणि परत आले. भाऊ नाशिकला. नाना एकटे. फोनवर विचारलं की म्हणायचे, "माझं काय, माझं बरं चाललंय." बरं चाललेला माणूस असं तीन वेळा सांगत नाही. म्हणून आम्ही त्यांना बोलवायचं ठरवलं. त्यासाठी श्रीकांतला सरकारी ऑफिसात जाऊन एक फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग द्यावं लागलं. हा एकच शब्द आहे. अर्थ असा, की या पाहुण्याचं इथे जे काही होईल ते आम्ही निस्तरू. तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला आणि जूनअखेर नाना आले.

ते आले आणि मी श्रीकांतला एकदम "अहो" म्हणायला लागले. एरवी आमचं "अरे"च असतं. रेवा चार वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बालवाडीतलं जर्मन यायचं. नाना तिला म्हणायचे, "ये, गोष्ट सांगतो," आणि ती म्हणायची, "कॉम माल, आजोबा!", म्हणजे इकडे या ना, आणि त्यांचा हात धरून तिसरीकडेच ओढत न्यायची. नाना माझ्याकडे बघायचे. "काय म्हणते?" मी सांगायची. दिवसातून इतक्या वेळा सांगायची की शेवटी त्यांनी विचारणं सोडलं. सकाळी उठून ते अंथरुणाच्या चौकोनी घड्या घालून ठेवायचे आणि खिडकीशी बसायचे. आईबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. मीही नाही.

पहिल्याच रविवारी मी त्यांना ग्राउंडवर नेलं. माझ्या टेबलामागे खुर्ची टाकून दिली. त्या दिवशीही दोन्ही मॅच हरलो. परत येताना ट्राममध्ये मी विचारलं, "काय वाटलं नाना?"

"खेळ बरा आहे यांचा," नाना म्हणाले. "दमलेत गं सगळे. दमलेल्या माणसाला आणखी पळवून काही होत नाही. त्या तुमच्या सरांना सांग, आठवडाभर यांना घरी पाठवा."

मी युर्गनला सांगितलं. तो हसला, चांगल्या मनाने हसला, आणि सराव चालूच ठेवला.

नानांची आणि डेटलेफची ओळख मी करून दिली नाही, ती आपोआप झाली. डेटलेफ पहिल्या बेसवर खेळायचा. संघाचा कप्तान, वय एक्केचाळीस, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम, असं त्याने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास त्याची पिवळी सायकल आमच्या गल्लीत यायची. नाना खाली उतरायचे. एक जण पत्रं टाकतोय, दुसरा हात मागे बांधून शेजारून चालतोय, असे ते दोघं गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. नानांना जर्मन येत नव्हतं, डेटलेफला मराठी येणं शक्य नव्हतं, इंग्रजी दोघांचं बेताचंच. मी एकदा विचारलं, "बोलता तरी काय?" नाना म्हणाले, "चेंडूबद्दल." मॅचच्या दिवशी सकाळी दोघं मिळून लाल मातीवर दाताळं ओढायचे, एकेक खडा वेचून बाजूला टाकायचे. मी ग्राउंडवर सवयीने नानांना "सर" म्हणायची, शाळेपासूनची सवय ती. संघाला वाटलं ते आडनावच आहे. सगळे त्यांना "हेर सर", म्हणजे श्रीयुत सर, म्हणायला लागले.

ऑगस्टमध्ये एका भयानक रविवारनंतर युर्गन आपण होऊन माझ्याकडे आला. "हेर सर काय म्हणत होते ते? सुट्टी मी देऊ शकत नाही. पण बुधवारचा सराव त्यांनी घ्यावा."

नानांनी चेंडूला हात लावू दिला नाही. त्यांनी सगळ्यांना गवतावर ओळीने उकिडवं बसवलं, एक इकडे तोंड, एक तिकडे, आणि खो-खो शिकवला. दोन-दोन मीटर उंचीची ती माणसं उकिडवी बसताना गडगडत होती. बँकेतला मुलगा "खो" म्हणायचा ते "को" व्हायचं आणि कुणी उठायचंच नाही. युर्गन स्वतः पळाला आणि तोंडावर आपटला. मला आठवतंय, त्या संध्याकाळी संपूर्ण उन्हाळ्यात पहिल्यांदा ग्राउंडवर मोठ्याने हसणं ऐकू आलं. सॉसेजवाला म्हातारा कुंपणाशी येऊन बघत उभा राहिला.

रविवारी आम्ही आधीपेक्षा वाईट हरलो. नाना घरी येताना म्हणाले, "चालायचंच."

पण त्या पडझडीतही एक गोष्ट बगळ्यांपाशी शिल्लक होती. डेटलेफच्या हातून वर्षभरात एकही चूक झाली नव्हती. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाने सहज घेता येण्याजोगा चेंडू सोडला, तर स्कोअररने त्याच्या नावावर एरर लिहायची असते. चेंडूच अवघड असेल, मातीवरून वेडावाकडा उसळला असेल, तर मारणाऱ्याच्या नावावर हिट. हे ठरवणारी एकटी मी. आणि डेटलेफच्या रकान्यात मला एप्रिलपासून एकदाही एरर लिहावी लागली नव्हती. गावच्या वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला. संघ हरत होता तरी लोक येऊन विचारायचे, "डेटलेफचं अजून शून्यच ना?" मी म्हणायची, "गेनाऊ, अगदी शून्यच." त्या शून्याचा सगळ्यांना फार आधार होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी निकालाचा सामना होता, आमच्याच ग्राउंडवर. दोनपैकी एक मॅच जिंकली तर पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकू, नाहीतर खाली. पहिली हरलो. दुसरीत कसं कोण जाणे, छपरं शाकारणाऱ्या पोराने जीव तोडून फेकलं, आणि शेवटच्या इनिंगपर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो. समोरच्यांचे दोन गडी बाद. दोन जण बेसवर. आणखी एकच गडी हवा होता.

मारणाऱ्याने चेंडू जमिनीवरून सरळ डेटलेफकडे मारला. सावकाश येणारा चेंडू होता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हातात आलेला सोपा झेल. डेटलेफ वाकला. चेंडू त्याच्या ग्लव्हखालून, दोन पायांच्या मधून, मागच्या गवतात निघून गेला. बेसवरचे दोघंही धावत शेवटच्या बेसपर्यंत, होमला, आले आणि त्यांच्या दोन धावा झाल्या.

मग एकेक मान वळायला लागली. आधी मला वाटलं सगळे डेटलेफकडे बघताहेत. ते माझ्याकडे बघत होते. फलकावर हिट लागणार की एरर, ते माझ्या टेबलावरच्या बटणाने ठरत होतं.

मागून नाना हळू आवाजात म्हणाले, "हिट दे."

मी वळले नाही.

"खड्यावरनं उसळला गं तो. हिट दे त्याला."

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी म्हटलं, "कुठला खडा? सकाळी तुम्ही दोघांनीच दाताळं मारलंय ना? एक खडा ठेवलाय का तिथे?"

"वैशू, त्याचं शेवटचं आहे."

"आणि माझ्या वेळी?"

आता तुम्हाला ते सांगायला हवं. मी अठरा वर्षांची असताना जळगावला राष्ट्रीय संघासाठी निवडीचा सामना झाला होता. आमच्या शाळेचं ग्राउंड, दगडगोट्यांचं. शेवटच्या इनिंगमध्ये माझ्याकडे आलेला चेंडू एका दगडावर आपटून माझ्या खांद्यावरून गेला. स्कोअरर नाना होते. त्यांनी एरर लिहिली. निवड समितीचा माणूस त्यांच्या वहीत डोकावला, आणि माझ्या नावावर काट मारली. घरी मी जेवले नाही. नाना म्हणाले, "दिसलं ते लिहिलं." त्यावर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. मीही पुढे कधी तो विषय काढला नाही. पुढे बारावी झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, आणि मी जर्मनीला आले.

मी बटण दाबलं. फलकावर एरर लागली, आणि वहीत मी ती लिहिली.

बरोबर तेच होतं. पण मी ते बरोबर म्हणून लिहिलं असं म्हटलं तर खोटं होईल. मी ते नानांवरच्या रागाने लिहिलं.

आमची उरलेली बॅटिंग तीन जणांतच आटोपली. तेही मी लिहिलं. पंच हात मिळवून गेले, समोरचे नाचत गेले. डेटलेफ माझ्या टेबलाशी आला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना लाल माती होती. मला वाटलं आता हा काहीतरी विचारेल. त्याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "फेलर. माझीच चूक. लिहिलीस ना?"

"लिहिली."

"गूट," तो म्हणाला. मग नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाताळं आणायला गेला. हंगाम संपला होता, दुसऱ्या दिवशी कुणी खेळणार नव्हतं, तरी त्याने ती माती नीट केली.

नाना आणि मी ट्रामच्या स्टॉपवर बसलो. संध्याकाळ होत आली होती. श्रीकांत रेवाला घेऊन आधीच घरी गेला होता. ट्रामला अकरा मिनिटं होती.

"दगड होता," नाना म्हणाले.

मला आधी वाटलं ते डेटलेफबद्दलच बोलताहेत.

"तुझ्या वेळी. मला दिसला होता. चेंडू त्याच्यावर आपटला तेही दिसलं." ते समोरच्या रुळांकडे बघत होते. "सगळे म्हणाले असते, सरांनी स्वतःच्या पोरीला हिट दिली. ते मला ऐकवलं नसतं. दिसलं ते लिहिलं म्हणालो. दिसलं होतं दुसरंच."

मीही रुळांकडे बघायला लागले.

"तुझी आई शेवटपर्यंत म्हणायची, पोरीला एकदा सांगून टाका. मी म्हणायचो, सांगू. ती होती तोवर सांगू सांगू म्हणून राहिलं." त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना नाही लावला, नुसता हातात घडी उलगडत राहिले. "आज त्या पोस्टमनला द्यायला निघालो होतो. स्वतःच्या पोरीला दिली नाही ती."

वर्षानुवर्षं मी या वाक्याची वाट बघत होते असं मला वाटायचं. ते आलं, आणि मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, दिवसभर उभं राहून आता कुठे बसायला मिळावं तसं. मी म्हटलं, "मला माहीत होतं नाना. दगड माझ्याच समोर होता." मग ट्राम आली. ट्राममध्ये, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, आम्ही दोघं आईबद्दल बोललो. ती स्पर्धेच्या दिवशी साठ जणांची खिचडी कशी करायची, आणि आपण मात्र उभ्याने खायची, असलंच काहीतरी. आमचा स्टॉप मागे पडला तेही कळलं नाही. शेवटच्या स्टॉपवरून परत यावं लागलं.

चार दिवसांनी नाना जाणार होते. मी श्रीकांतला म्हटलं, व्हिसा वाढवून मिळतो का बघ ना. त्याने परदेशी नागरिकांच्या कचेरीत चौकशी केली. आजारी असतील तर विचार होईल, नाहीतर नाही. नाना धडधाकट होते. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मिळाला तरी राहिलो नसतो. तुमचं सगळं चांगलं आहे. पण मी इथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याने फार दिवस अंथरुणाच्या घड्या घालू नयेत." फ्रँकफर्टला सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते शेवटपर्यंत वळून वळून बघत होते. त्यांच्यामागचा माणूस वैतागला.

हिवाळ्यात अर्धा संघ पांगला. युर्गन दुसऱ्या क्लबात गेला, विद्यापीठातली मुलं शिक्षण संपवून गेली. डेटलेफने खेळणं सोडलं, माती सोडली नाही. मला बऱ्याच जणांनी विचारलं, दुसऱ्या डिव्हिजनला कशाला रविवार घालवतेस? एका मराठी बाईंनी तर गणेशोत्सवात विचारलं होतं, यात तुला मिळतं काय? जळगावला गेलं की लोक पहिला प्रश्न विचारतात कधी आलीस आणि दुसरा विचारतात परत कधी. इथे नवे भेटलेले विचारतात मूळची कुठली. ग्राउंडवर यातलं कुणी काही विचारत नाही. डेटलेफ फक्त फोन करून विचारतो, "रविवारी येतेस ना?" मी दमलेली असते. मी जाते.

एप्रिलमध्ये दुसऱ्या डिव्हिजनची पहिली मॅच होती, दूर एका खेड्यात. टेबलावर छप्पर नव्हतं, वही भिजली. रेवाला बरोबर नेलं होतं, तिने दिवसभर बाकाखाली बसून चिखलाचे केक केले. आम्ही दोन्ही मॅच हरलो. घरी आलो आणि बूट काढतोय तोच फोन वाजला. रविवारी संध्याकाळी नानांचा फोन असतोच. जळगावला तेव्हा रात्रीची जेवणं उरकलेली असतात, आणि ते निकाल ऐकल्याशिवाय झोपत नाहीत.

रेवाने फोन उचलला. एरवी ती जर्मनमध्ये दोन शब्द बोलून रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. आज तिने दिला नाही. पलीकडून नाना विचारत असावेत ते मला ऐकू येत नव्हतं. रेवा म्हणाली, "आपण हरलो, आजोबा."

मराठीत म्हणाली. पण आजोबा काही ग्राउंडवर नव्हते, ते तर समुद्रापलीकडे जळगावला. म्हणजे तिथे "आम्ही" हवं होतं. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, तिला फरक माहीत नाही. माझ्या तोंडाशी आलं, की रेवा, आम्ही हरलो असं म्हण. एवढ्यात रेवा फोनवर जोरजोराने मान हलवायला लागली, जसं काही त्यांना ते दिसणारच आहे. "या, या," ती जर्मनमध्ये हो हो म्हणाली, "आपण परत हरलो."

मी एका पायात बूट तसाच ठेवून दारातल्या स्टुलावर बसले. ती दोघं बोलत होती, पुढचा रविवार, पाऊस, चिखलाचे केक. मी काही दुरुस्त केलं नाही. दमले होते, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.